नांदेड ते लातूर, वीस मिनिटं

मला एक सांगा, अंतराच्या बाबतीत भरवसा कुणाचा धरायचा? मोबाईलचा, ड्रायव्हरचा, का सोयरीक जमवणाऱ्याचा? नांदेडला माझं बोअरच्या मोटारीचं अन् पाइपाचं दुकान. त्या साली पाऊसच न्हाई. बोअर आटले, मागोमाग गिऱ्हाइकं आटली. मग दुकानात साठायला उरलं काय? किस्से!

रोज येऊन बसणारे दोघं. डाळीचे व्यापारी मन्मथअप्पा आणि रिटायर झालेले कांबळे गुरुजी.

*

अप्पांच्या महानंदाला लातूरचं स्थळ आलं. अप्पांची बायको, आमच्या वहिनी, म्हणाल्या, "लई लांब. पोरीनं बोलावलं तर पोचायचं कधी?"

मध्यस्थानं मोबाईल पुढं केला. "लांब कुठं? हे बघा, नांदेड विमानतळ ते लातूर विमानतळ, वीस मिनिटं!"

वहिनी हरखल्या. लग्न झालं. डाळीचा दाणा दाताखाली फोडल्याबिगर अप्पा पोतं उचलत नाहीत. पण असं विमान हाय का, हे त्यांनीसुद्धा विचारलं न्हाई!

*

महानंदाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी. तिकडं लातुरात नळ कोरडे, पोर पोट सांभाळत टँकरच्या रांगेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "न्यायचं तर याच आठवड्यात न्या. पण हादरे बसू देऊ नका." आणि रस्ता तर रुंद करायला जागोजागी खोदून ठेवलेला!

वहिनींनी अप्पांना विमानतळावर धाडलं. गेटवरच्या जवानानं ऐकून घेतलं. "लातूर? अप्पा, इथून विमानं लांब जातात. तुमचं लातूर लई जवळ पडलं!"

*

तिकडून तरी विमान सुटतं का, हे विचारायला अप्पांनी व्याह्यांना फोन लावला. व्याही खुश. "विमानतळ आमच्या घरापासून धा मिनिटं!"

गुरुजींनी बोटं मोजली. "इकडं धा, तिकडं धा, मधी वीस. चाळीस मिनिटांत पोर घरी. विमान तेवढं सोडून सगळं जमलंय!"

अप्पा हसले न्हाईत. आठवड्यातले दोन दिवस तसेच गेले होते.

*

त्यातच नव्या जिल्ह्याची हवा उठली. चहावाला म्हणाला, "जिल्हा झाला की अंतर कमी होतंय."

गुरुजी म्हणाले, "किलोमीटर तेवढेच राहतात बाबा. साहेब तेवढा जवळ येतो!"

अप्पा उठले. "मला पोरगी जवळ पाह्यजे." माझ्याकडं वळून म्हणाले, "शेठ, तुमची जीप द्या. रहीमभाई चालवतील का?"

*

रहीमभाई माझा जुना ड्रायव्हर. सकाळीच लातूरहून महानंदाला घेऊन निघालो. मागं गाद्या, तिच्या दोन्ही बाजूला उशा. प्रत्येक खड्ड्याला अप्पा म्हणायचे, "हळू." रहीमभाई म्हणायचे, "अप्पा, ह्याच्याहून हळू म्हंजे थांबायचंच की!" बैलगाड्या आम्हाला मागं टाकून गेल्या. महानंदा डोळे मिटून, ओठ दाबून पडलेली.

लोह्याच्या अलीकडं रस्ता इतका फुटलेला, की रहीमभाईंनी गाडीच थांबवली. खाली उतरले, शेजारचा ओढा पाहून आले. कोरडा ठणठणीत. गाळ वाळून फरशीसारखा झालेला. त्यांनी गाडी पात्रात घातली.

हादरे एकदम थांबले. पोरीनं डोळे उघडले. "अप्पा, विमान उडालं का?"

अप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हाव. झोप आता."

दिवस कलता घरी पोचलो. वहिनी दारातच. "किती लागलं?"

"सात घंटे," रहीमभाई म्हणाले.

अप्पांनी महानंदाचा हात धरून तिला पायरी चढवली, मग मागं वळले. "शेठ, गाडीच्या वहीत बराबर लिहा. ओढ्यातला वेळ रस्त्यात धरू नका. तो विमानाचा."

तर तुम्हीही हा किस्सा पुढं सांगाल, तर हिशेब तेवढा खरा ठेवा. ओढा वेगळा लिहा.