थोरलीच्या गालावरचे डाग

नोकरीतली बरीच प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र तसंच्या तसं वेगळं राहिलं आहे.

मी तेव्हा पोलादपूर ठाण्यात उपनिरीक्षक होतो. गावोगावी मोबाइल पोचले होते आणि महाडातल्या पार्लरांच्या पाट्यांवर 'लेझर' हा शब्द नुकताच दिसू लागला होता. एका सकाळी ठाणे अंमलदाराने मला बाहेर बोलावलं. कशेडीकडच्या एका वाडीतली चाळिशीची बाई तोंडावर पदर धरून बाकावर बसली होती. तिने पदर काढला तेव्हा आमची महिला शिपाई एक पाऊल मागे सरली. दोन्ही गाल सुजून लाल, वर काळपट खपल्या, एका बाजूला पू.

"धाकट्या जावेनं केलं," ती म्हणाली. "नणंदेच्या पोरीचा साखरपुडा हाय म्हणून तिनं मला उटणं दिलं. त्यात कंपनीतलं ॲसिड घातलंन."

गोष्ट पटण्यासारखी होती. धाकटीचा नवरा महाडच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या कारखान्यात पाळीवर होता. थोरलीचा नवरा मुंबईला टेम्पो चालवायचा. तो गणपतीला आणि शिमग्याला यायचा. दोघी जावांचं पटत नाही हे वाडीतल्या कुणालाही विचारलं तरी कळत होतं. मी कलम ३२६ खाली जबर दुखापतीचा गुन्हा नोंदवला, थोरलीला दवाखान्यात पाठवलं, पंचांसमक्ष उटण्याचा डबा जप्त केला आणि धाकटीला चौकशीला बोलावलं.

धाकटी दिसायला देखणी होती. रडली नाही. "त्याच डब्यातलं उटणं मी आधी माझ्या पोरीला लावलंय, साहेब," एवढंच तिने पुन्हा पुन्हा सांगितलं. पण वाडीने तोवर निकाल लावून टाकला होता. विहिरीवर तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. कारखान्याने तिच्या नवऱ्याला चौकशी संपेपर्यंत कामावर येऊ नको म्हणून सांगितलं होतं. डब्याचा प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने लागणार होते. तोवर तिला अटक करा, असा दबाव रोज वाढत होता.

पहिली गाठ सुटली ती महाडच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे. थोरलीला तपासून त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"हे ॲसिड नाही," त्या म्हणाल्या. "ॲसिड ओघळतं. हनुवटीवर, मानेवर उतरतं. हे डाग गोल, एका मापाचे आणि ओळीने आहेत. लेझरने भाजलंय. शिवाय गालांत गाठी लागतात आणि सुईच्या खुणा आहेत. कुणीतरी गाल भरायचं इंजेक्शन दिलंय."

"दोन्ही एकत्र करत नाहीत का?"

"करतात की. पण करणारा डॉक्टर हवा, आणि आधी काय केलंय ते त्याला माहीत हवं. साधारणपणे लेझर आधी, आणि त्वचा शांत झाली की इंजेक्शन. इंजेक्शन आधी झालं असेल तर सूज पूर्ण उतरून सुईच्या जागा भरेपर्यंत, दोन-तीन आठवडे तरी, थांबायचं. आपल्या सावळ्या कातडीवर लेझरचा जोर बेतानेच ठेवावा लागतो, आधी छोट्या जागी करून बघावं लागतं. इथं ताज्या सुईवरच लेझर मारलाय. जोर जास्त झाला म्हणून भाजलं, आणि जखम सांभाळली नाही म्हणून पू झाला."

थोरलीने यातलं अवाक्षरही फिर्यादीत सांगितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात एक मिनीडोअरवाला, म्हणजे वाड्यांवरून महाडला सहा आसनी रिक्षा चालवणारा, ठाण्यात आला. नाव लिहू नका म्हणाला. "मी त्या बाईला महाडात पार्लरापाशी सोडली व्हती. जाताना तोंड उघडं व्हतं. येताना पदर काढायला तयार नाय."

ते पार्लर चवदार तळ्याच्या पलीकडच्या एका गल्लीत होतं. मालकीण ना डॉक्टर, ना परिचारिका. मशीन बसवायला आलेल्या माणसाने दाखवलं तेवढंच तिचं शिक्षण. "तिनं आधी काही करून घेतलंय का, विचारलंत?" या प्रश्नावर ती मशीनची वायर गुंडाळू लागली. मग म्हणाली, "नाही विचारलं. ती म्हणाली, साखरपुड्याच्या आत वांग गेले पाहिजेत, जरा जोरात मारा."

दुसऱ्या दिवशी मी थोरलीला बोलावलं. महिला शिपाई शेजारी बसली. मी पार्लरचा विषयच काढला नाही. म्हटलं, "धाकटीला अटक करायची आहे. तिची अवस्था वाईट आहे."

थोरली पुढे वाकली. "रडून तोंड सुजलंय का तिचं?"

एवढंच विचारलं तिने. जाऊ किती दिवस आत राहील हे नाही, तिच्या नवऱ्याची नोकरी जाईल का हेही नाही. तिला पडलं होतं ते फक्त जावेच्या तोंडाचं. मग पार्लरवालीचा जबाब तिला वाचून दाखवला.

तिने पदर पुन्हा तोंडावर ओढला आणि बोलू लागली. "गेल्या साली वाडीतल्या एका लग्नाच्या कॅसेटीत आम्ही दोघी शेजारी बसलेल्या. आमचे हे बघून बोलले, धाकटी अजून नवरीवाणी दिसते. माझ्याबद्दल कायच नाय बोलले. त्या दिवसापासून तिचं तोंड बघितलं की माझ्या जिवाची नुसती आग व्हायची. मी मुंबईला गेले तेव्हा गुपचूप गालात सुई घेतली. डॉक्टर बोलला, आता काय दिवस तोंडाला हात लावू नको. पण साखरपुड्याला ती शेजारी बसणार. मला थांबायला जमलं नाय."

"मग तिचं नाव का घेतलंत?"

"खरं सांगितलं असतं तर ती हसली असती, साहेब. ते मला सोसलं नसतं."

डॉक्टर नसताना लेझर चालवून इजा केल्याबद्दल पार्लरवालीवर वेगळा गुन्हा दाखल केला. धाकटीविरुद्धची फिर्याद खोटी ठरून तसा अहवाल कोर्टात गेला आणि तिचा नवरा पुन्हा पाळीवर जाऊ लागला. खोट्या फिर्यादीबद्दल थोरलीवर कारवाई होऊ शकते, हे मी धाकटीला सांगितलं.

ती म्हणाली, "नको. ती मुंबईला जायची, नवी साडी नेसून यायची, तेव्हा माझ्यापण पोटात दुखायचं. पण मी तिला जाळायला निघाले नाय. तिला तुम्ही सोडा. माझ्या उंबऱ्याच्या आत मात्र ती नको."

ते तिने पाळलं. थोरलीचे डाग पुढे त्याच डॉक्टर बाईंच्या उपचारांनी फिकट झाले. दोघी जावांचं बोलणं सुरू झाल्याचं मी बदली होईपर्यंत ऐकलं नाही.

थोरलीचा नवरा जबाबासाठी मुंबईहून आला होता. साधा माणूस, हात जोडूनच बसला. मी त्याला त्या कॅसेटीबद्दल विचारलं. त्याने खूप आठवून पाहिलं.

"मी असं बोललो?" तो म्हणाला. "नाय आठवत, साहेब."

तो खोटं बोलत नव्हता. पुढे हाताखाली आलेल्या पोरांना मी शिकवायचो, की फिर्यादीने घेतलेल्या नावाआधी जखम बघा. ते शिकवता येतं. पण एका बाईने वर्षभर उराशी धरलेलं वाक्य बोलणाऱ्याच्या लक्षातही नसतं, हे कुठल्या पंचनाम्यात लिहायचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.