युसुफचे दोन माईक

युसुफ गेला हे मला दूधवाल्यानं सांगितलं. "मास्तर, तुमचे साउंडवाले गेले की पहाटे." शाळेपासूनची दोस्ती, घरं एकाच गल्लीत... आणि बातमी दूधवाल्याकडून. त्याच्या घरचे का बोलले नाहीत, ते मला ठाऊक होतं.

लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा त्याचा धंदा. कॅम्पातल्या आमच्या चर्चचा सण असो की गल्लीच्या टोकाच्या मशिदीतला जलसा, माईक युसुफचाच. माणूस लाखातला, पण कामात धांदरट. "वायर नीट चिकटव, पाळकसाहेब अडखळून पडतील," म्हटलं की म्हणायचा, "पडू देत, आवाज लांबपर्यंत जाईल."

गुड फ्रायडेला आमची उपासना बारा ते तीन. वार शुक्रवार, म्हणजे त्याची जुम्म्याची नमाजही तेव्हाच. एका वर्षी पठ्ठ्यानं दोन्हीकडे नवे कॉर्डलेस माईक दिले, दोन्ही एकाच चॅनेलवर ठेवले आणि स्वतः नमाजाला जाऊन बसला. भर उपासनेत आमच्या चर्चमध्ये मौलानांचा खुतबा सुरू झाला आणि तिकडे मशिदीत पाळकसाहेबांचा उपदेश. लोक आधी गोंधळले, मग हसले. मी रस्त्यावर धावलो, तोही चपला हातात घेऊन धावत आला. "गाढवा, चॅनेल बदल," मी हात उगारून ओरडलो. तो म्हणाला, "अरे, तुमचे साहेब बरे बोलतात, आमच्या निम्म्या लोकांनी माना डोलावल्या." तेवढ्यात कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी तो फोटो पेपरात. 'प्रार्थनेत व्यत्यय, मुस्लिम-ख्रिस्ती समाजांत तणाव.' बातमीदार ना मला भेटला, ना त्याला. तणाव नव्हताच, बातमी वाचून लोकांनी तो आणला. शांतता समितीची बैठक झाली, तीत जे कधी नमाजाला दिसले नाहीत की उपासनेला, तेच तावातावानं बोलले. मग आमच्या कमिटीनं दुसरा साउंडवाला पाहिला, मशिदीनंही. 'विषय वाढायला नको' यावर दोन्ही धर्मांचं झकास एकमत झालं. खुलासाही छापून आला, आतल्या पानावर, चष्मा लावूनही सापडू नये असा. युसुफ रिकाम्या दुकानात स्पीकर पुसत बसायचा. मी गेलो की म्हणायचा, "येऊ नको रे, तुझेच लोक तुला बोलतील." मी जात राहिलो. माणूस माझ्या डोळ्यांदेखत वाळत गेला, आणि शेवटी हृदयानं दगा दिला.

त्या सकाळी मला फक्त त्याला मूठभर माती द्यायची होती. माती तेही देतात, आम्हीही देतो. कबरस्तानाच्या फाटकाशी त्याच्या मुलानं, इम्राननं, मला अडवलं. माझ्या खांद्यावर बसून वाढलेलं पोर. खाली बघत म्हणालं, "अंकल, प्रेसवाले आलेत. तुमचा फोटो निघाला तर पुन्हा बातमी होईल. तुम्ही घरी जा." मी रस्त्याच्या पलीकडे टपरीशी उभा राहिलो. लोक हात झटकत बाहेर यायला लागले, तेव्हा कळलं, झालं सगळं.

दुसऱ्या दिवशी पेपरात ओळ होती, 'अंत्ययात्रेत ख्रिस्ती समाजाची अनुपस्थिती जाणवली.' जाणवली म्हणे. ज्याला जाणवली तो गळ्यात कॅमेरा अडकवून माझ्याच शेजारी चहा पीत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

युसुफची बायको, शमीमभाभी, सध्या इद्दतीत आहेत. नवरा गेल्यावर काही महिने बाई परक्या पुरुषासमोर येत नाही. त्यांच्या हातचं जेवून मी म्हातारा झालो, तरी परकाच. फोन इम्रान उचलतो, 'सांगतो' म्हणतो आणि ठेवतो. माझी बायको असती तर तिला धाडलं असतं, पण तीही नाही. मी आलो होतो, फाटकापर्यंत आलो होतो, एवढं सांगायलाही मला त्या घरात जाता येत नाही. पेपर मात्र रोज सकाळी जातो, आणि भाभी तो शेवटच्या पानापर्यंत वाचतात.