एकचुलीवरचे वैजनाथ सर

वैजनाथ सरांना ताप आला की ते म्हणायचे, "आज आपल्याला ताप हाय." स्टाफरूममध्ये हशा पिकायचा. "सर, तुमच्या तापात आम्हाला कशाला ओढता?" मी विचारायचे. लातूरच्या आमच्या कॉलेजात ते इतिहास शिकवायचे, पण 'मी' हा शब्द त्यांच्या तोंडातून निघेल तर शपथ.

कारण ते वाढले एकचुलीवर. मुखेडकडच्या माळावर काही ध्येयवेड्या घरांनी जातपात बाजूला ठेवून एकत्र शेती मांडली होती. सगळ्यांची चूल एक, म्हणून नाव एकचूल. तिथं भांडण झालं की संध्याकाळी बैठक बसायची. बसलेल्या प्रत्येकानं आपली चूक आपल्या तोंडानं सांगायची, मोकळं व्हायचं. बैठक उठली की ती गोष्ट पुन्हा कुणी काढायची नाही, घरात नाही की दारात नाही.

बहात्तरच्या दुष्काळात कुणीतरी पहिल्यांदा वेगळी चूल पेटवली आणि बघता बघता माणसं खडी फोडायला चहूकडे पांगली. सर तेव्हा शिकायला नांदेडला होते. पुढं त्यांनी आयुष्यात एकच पुस्तक लिहायला घेतलं, एकचुलीचा इतिहास. सगळी प्रकरणं झाली, पण एकचूल मोडली कशी, हे कुणी सांगेना. सुट्टी आली की सर एसटीनं मुखेड गाठायचे. म्हातारी माणसं पोटभर जेवू घालायची आणि मुद्द्यावर आलं की गप्प! सरांना लहानाचं मोठं करणाऱ्या कमळाक्का तर सरळ म्हणायच्या, "वैजू, खामखा उकरून काय मिळणार हाय? भाकर खा."

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा स्टाफरूममध्ये पेढे आले. सर पेढा हातात धरून बसले. "इथं वेगळं झालं तर पेढे," ते म्हणाले, "अन् आपली माणसं वेगळी झाली, तर दहा वर्षं तोंड उघडंनात. बेजार केलंय बाई या लोकांनी." मग पेढा खाल्ला आणि दुसराही घेतला.

माझंच डोकं फिरलं होतं. मी म्हणाले, "बैठकीतच बोलतात ना ते? मग बैठक बोलवा!"

सर उडालेच. उन्हाळ्यात त्यांनी उरलेल्या सगळ्यांना माळावर गोळा केलं. परत आले ते चेहरा पाडून.

"बोलले नाहीत?" मी विचारलं.

"लई बोलले. रडले. पहिली चूल कुणी पेटवली, का पेटवली, समदं सांगितलं."

"मग लिहा की!"

"कसं लिहायचं? बैठकीत बसून ऐकलंय आपण."

मी टेबलावर हात आपटला. "अहो, तुम्ही इतिहासकार ना?"

"इतिहासकाराला तिथं कोण बसू देतंय बाई? आपल्यालाही उठून बोलावं लागलं."

पुस्तक निघालं. शेवटच्या प्रकरणात एकच वाक्य होतं: 'दुष्काळात एकचूल मोडली.' लेखकानं शेवटी कष्ट घ्यायचा कंटाळा केला, असं एका दीडशहाण्यानं परीक्षणात लिहिलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सर म्हणाले, "बराबर लिहिलंय त्यानं." असल्या माणसापुढं डोकं आपटून घ्यावं, दुसरं काय!

पुढं सर नांदेडला दवाखान्यात होते तेव्हा मी भेटायला गेले. त्यांना दम लागत होता, तरी मी विचारलंच, "आता तरी सांगा. कुणाला बोलणार नाही."

"तुम्ही बैठकीत नव्हता, बाई," सर म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले. त्याच आठवड्यात ते गेले.

मातीला कमळाक्का आल्या होत्या, पार वाकलेल्या. माझ्या शेजारीच बसल्या. विचारावं असं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्यांनीच माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "वैजू तुमाला काई बोलला का वं?"

"न्हाई आक्का," मी म्हणाले, "शेवटपर्यंत न्हाई."

तेव्हा कुठं त्या रडायला लागल्या.