झारीवरचे एम. ए.

मला विद्यापीठाने एम. ए. केले ते नंतर. आईने आधीच केले होते, तेही पितळेवर.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी पुण्यात जुन्या भांड्यांवरील नक्षीकामावर प्रबंध लिहू पाहत होतो. (‘भांडी काय कोरेगावात न्हाईत व्हय?’ असे आमचे सगळे गाव विचारी.) वडिलांनी, म्हणजे आबांनी, बजावले होते, विषय नामंजूर झाला तर पुणे बंद, उसात खुरपे घेऊन बसायचे. सगळी भिस्त आमच्या घरच्या झारीवर होती. तिच्यावर पोपट आणि वेलबुट्टी अशी सुरेख, की ती पाहून विषय ठरवायला माझे सर, पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशावर चालणाऱ्या मोटारीने धक्के खात येणार होते.

त्यांना आणायला निघताना झारी सहज हातात घेतली. पोपटाच्या पोटावर ताजी अक्षरे : ‘चि. बापूराव, एम. ए.’!

मी किंचाळलोच. आई शांतपणे म्हणाली, “कासार आलता दारावर. तुजं मास्तर झारी घिऊन गेलं म्हंजी? नाव असलं की भांडं घरला येतंय.”

लग्नकार्यात गावभर फिरलेली आमची पातेली याच युक्तीने परत येत, हे खरे.

“अगं, पण मी एम. ए. झालोय कुठं?”

“व्हशील की. कासार काय रोज येतोय व्हय?”

मी अक्षरे चिंचेने घासली. ती जास्तच झळकू लागली! शेवटी नाव भिंतीकडे करून झारी कोनाड्यात ठेवली आणि सरांना घेऊन आलो. मी तोंड उघडायच्या आत आबांनी, पाहुणा तहानलाय म्हणून, तीच झारी भरून त्यांच्यापुढे धरली. नावासकट.

सरांनी वाचले. पाणी प्याले. पुन्हा वाचले. मला डोळ्यांपुढे ऊस दिसू लागला.

मग त्यांनी पिशवीतून आपला पितळी पानाचा डबा काढून माझ्या हाती दिला. झाकणावर होते : ‘चि. नाना, आय. सी. एस.’

“आमच्या मातोश्री,” सर म्हणाले. “मी काही झालो नाही. तुम्ही तरी व्हा. विषय मंजूर, पण भांड्यांवरच्या नावांवर एक प्रकरण हवं.”

माझा जीव भांड्यात पडला.

पुढे मी पास झालो, तिसऱ्या वर्गात. आई तेही झारीवर घालून घ्यायला कासार शोधत होती. पण देवाची कृपा, पोपटाच्या पोटावर जागाच उरली नव्हती.