सातवी ब ची हजेरी आणि माझे गुडघे

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. एका शाळेत सव्वीस वर्षं काढली, की ते कपाटातल्या जुन्या पिशव्यांसारखे आपोआप साठतात. एक ओढायला जावं, तर दहा अंगावर पडतात! सध्या ते जरा जास्तच पडतायत, कारण मी गिरगावात घरी बसून आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि डॉक्टर म्हणालेत, "मॅडम, जिने कमी करा." टेबलावर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून ठेवलाय. फक्त सही बाकी आहे.

आता तुम्ही म्हणाल, शिक्षिकेला जिने कशाला लागतात? माझी शाळा परळची, महापालिकेची, मराठी माध्यमाची. तिथे वर्गात शिकवणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे जे वर्गात आलेच नाहीत, त्यांना घरून आणणं. लालबाग, परळ, नायगाव इथल्या चाळींचे किती जिने चढले असेन, ते माझे गुडघेच जाणोत.

*

या कामातले माझे जोडीदार म्हणजे आमचे शिपाई, वामनमामा. कुठला मुलगा शाळा बुडवून कुठे बसला असेल, हे त्यांना न विचारता कळतं. कधी चाळीच्या गच्चीवर टाकीमागे, कधी व्यायामशाळेच्या बोळात. मामा सरळ तिथेच जातात आणि मुलाला घेऊन येतात.

एकदा मी विचारलं, "मामा, तुम्हाला कसं हो कळतं?"

मामा शांतपणे म्हणाले, "बाई, मी ह्याच शाळेतला. सातवीत तीन वर्षं होतो!"

*

आमच्या शाळेत कदम सर नावाचे तरुण शिक्षक आहेत. गुणी माणूस, पण हजेरी पेन्सिलने भरतो! शनिवारी सावकाश त्यावर पेन फिरवतो. मी एकदा चांगलंच सुनावलं, तर म्हणाला, "बाई, चुकलं तर खोडता येतं ना."

"अहो, पोर वर्गात आहे की नाही, ही काय खोडायची गोष्ट आहे?"

तेव्हापासून माझ्या हजेरीपुस्तकाला मी त्याला हात लावू देत नाही. मी रजेवर असले, तर पुस्तक मुख्याध्यापिकांच्या कपाटात राहतं. याला कुणी खाष्टपणा म्हणेल. म्हणू दे!

*

नायगावच्या चाळीत आमचा प्रथमेश राहतो. खो-खोच्या टीमचा कॅप्टन. चार दिवस गायब होता, म्हणून मी आणि मामा घरी गेलो. दारात आजी.

"प्रथमेश गावाक गेलो, बाई. कालच गेलो."

आजीची नजर मात्र सारखी पोटमाळ्याकडे जात होती. मामांनी मला डोळ्याने खुणावलं. मी आवाज चढवला, "असं होय? मग काय, उद्यापासून कॅप्टन दुसरा करते!"

वरून ताबडतोब उत्तर आलं, "बाई, नको ना! येतो मी!"

हा किस्सा नंतर शाळाभर झाला. अजूनही कुणी गैरहजर असलं, की पोरं आधी विचारतात, "गावाक गेलो काय?"

*

गणपतीच्या आधीचा आठवडा म्हणजे आमच्या हजेरीचा सुतकाचा काळ. एकदा माझ्या सातवी ब मधली अकरा मुलं एकदम गायब! मी तडक लालबागला मंडपात गेले. मंडळाचा अध्यक्ष विनोद, माझाच जुना विद्यार्थी. मला बघून त्याने हातातला चहा खाली ठेवला आणि माईक उचलला.

"सातवी ब च्या मुलांनी ताबडतोब बाहेर येऊन रांगेत उभं राहावं. बाई आल्यात."

मुलं बाहेर आली. मोजली, तर चौदा! शेवटचे तिघे चांगले मिशीवाले बाप्ये होते. माझ्या जुन्या बॅचचे. सवयीने आले होते बिचारे.

*

आता चाळी पाडून टॉवर झालेत. लिफ्ट आहे, मला वाटलं देवच पावला! पण एका गैरहजर मुलाच्या घरी गेले, तर गेटवर वॉचमन. त्याने मोबाईलवर माझं नाव टाकलं, फोटो काढला आणि वर पाठवला. मी थांबले.

"मॅडम, घरून रिजेक्ट केलंय."

"घरी आहे कोण?"

"मुलगाच आहे, मॅडम. मोबाईल त्याच्याकडेच असतो."

*

मानसीचं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. हजेरीत चौदा नंबर, हुशार मुलगी. तिची आई घरून पोळ्यांच्या ऑर्डरी घेते. आईचा हात मोडला, प्लास्टरमध्ये गेला, आणि लाटणं मानसीच्या हातात आलं. सकाळच्या दीडशे पोळ्या! शाळा सुटली ती सुटलीच.

मी आठ दिवस रोज तीन मजले चढले. नवव्या दिवशी आई रडायलाच लागली. "बाई, मी काय हौसेने ठेवलं का हिला घरात?"

मी खाली बसले, पोळपाट ओढला आणि लाटायला घेतलं. "मानसी, तू कपडे बदल."

दारात मजल्यावरच्या बायका जमल्या. शेजारच्या शेवंताकाकूंनी माझी पोळी उचलून उजेडात धरली. मग हळूच माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं.

"बाई, तुमी शाळेत जावा. ह्यां आमका जमता."

प्लास्टर निघेपर्यंत त्या चार बायकांनी वाटून रोज दीडशे पोळ्या लाटल्या. स्वतःच्या घरचं सगळं आवरून, आणि एक अक्षर न बोलता. त्या महिन्यातल्या मानसीच्या हजेरीसमोर खरं म्हणजे त्यांच्याच सह्या हव्यात. मी त्यांचे आभार मानायला गेले, तर काकू म्हणाल्या, "आभार कसले? चाय घेतलास काय?"

*

गेल्या शनिवारी दुपारी मी तो अर्ज समोर घेऊन पेनाचं टोपण काढलं. इतक्यात खाली गलका ऐकू आला. गॅलरीतून पाहिलं, तर मानसी, प्रथमेश, आणखी पाच-सहा पोरं आणि मागे वामनमामा.

या पोरांचे चेहरे पाहिले, तर माझ्या हातून सही होणार नव्हती. मी ह्यांना म्हटलं, "अहो, सांगा, ती गावाला गेलीय," आणि आतल्या खोलीत दाराआड उभी राहिले.

बेल वाजली. आमच्या ह्यांना जन्मात खोटं बोलता आलेलं नाही.

"बाई... गावाला गेल्यात."

"कुठल्या गावाला, काका?" मानसीने विचारलं.

"म्हणजे... गावालाच."

कुणीतरी खुदकन हसलं. मग मानसीचा खणखणीत आवाज आला, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा.

"बरं, काका! मग आम्ही बाईंचं हजेरीपुस्तक कायमचं कदम सरांना द्यायला सांगतो. ते पेन्सिलने भरतात!"

"नको, नको! येते मी!"