मंगळावरचं शहर

पनवेलच्या एसटी स्टँडमागच्या रद्दीवाल्याकडे परदेशी चित्रकथा येत. गोष्ट कळो न कळो, त्यातल्या मंगळावरच्या शहरांनी मला झपाटलं होतं. काचेचे मनोरे, त्यांच्यामधून उडणाऱ्या मोटारी, वर दोन चंद्र! ओवे गावचा एक म्हातारा शेतकरीही तिथे उभ्या उभ्या तीच पानं उलटायचा आणि प्रत्येक मनोऱ्याच्या बुडाशी बोट फिरवत राहायचा.

एकदा मी विचारलं, "बाबा, काय शोधताय?"

"हितं आदी कुनाची शेती व्हती, ती कुठंच नाय दावली."

मला हसूच आलं. "अहो, हे सगळं काल्पनिक आहे!"

त्याने पुस्तक पालथं ठेवलं.

"नव्या शहराचं चित्र घेऊन सायेब आमच्या बांधावर आला, तवा आमीबी असंच हसलेलो."