वगळलेला दीड मीटर

सव्वीस वर्षं एकाच शाळेत गणित शिकवणाऱ्या या माणसाला मुलं पाठीमागे 'सोपंय सर' म्हणायची. फळ्यावर कुठलंही उदाहरण लिहिलं की सरांच्या तोंडून पहिला शब्द तोच निघायचा. त्यांना ते नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

त्यांचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, नळजोडणीची कामं करायचा. हात सोन्याचा, पण आकडेमोड आली की तो दाजींकडे धाव घ्यायचा. एका वाचनालयाच्या दालनात कारंजं बसवायचं काम त्याला मिळालं, तेव्हाही तो कागद घेऊन आला.

"दाजी, पाणी तोटीतून सेकंदाला आठ मीटर वेगानं सरळ वर सुटणार. छत जमिनीपासून चार मीटरवर. पाणी छताला लागेल का?"

"सोपंय!" सरांनी पेन उचललं. "उंची म्हणजे वेळेची आठपट, वजा वेळेच्या वर्गाची पाचपट. वर्गसमीकरण आहे, आलेख काढला की उलट्या वाटीसारखा दिसतो. आपल्याला वाटीचं टोक हवं. आठला पाचाच्या दुपटीनं भाग, शून्य पूर्णांक आठ सेकंद. ती वेळ परत समीकरणात घाल. सहा पूर्णांक चार वजा तीन पूर्णांक दोन. तीन मीटर वीस सेंटीमीटर! छताखाली ऐंशी सेंटीमीटर मोकळे."

"आणि तोटी दीड मीटरच्या चौथऱ्यावर आहे, बरं का."

"हो रे, कळलं," सर म्हणाले आणि चहाचा कप पुढे ओढला. ते कळलंच नव्हतं. वर्गात चेंडू नेहमी जमिनीवरून उडायचा, तसंच त्यांनी पाणी जमिनीवरून उडवलं होतं.

उद्घाटनाला वाचनालयाच्या कार्यवाह बाई, पन्नासेक सभासद आणि मेव्हण्याच्या आग्रहाखातर सर, असे सगळे जमले. मेव्हण्यानं कळ दाबली. पाणी सुटलं आणि सरळ छतावर जाऊन आदळलं. दोन दिवे फटकन विझले. पीओपीचा ओला तुकडा वर्तमानपत्रांच्या टेबलावर पडला. लोक पावसात छत्रीविना सापडल्यासारखे पळाले.

त्या धावपळीत सरांच्या डोळ्यांसमोर चौथरा उभा राहिला. दीड अधिक तीन पूर्णांक दोन. चार मीटर सत्तर. पाचवीतल्या मुलाचीही बेरीज चुकली नसती.

"तुम्हाला काम येतं की नाही?" भिजलेल्या साडीतच बाई मेव्हण्यावर कडाडल्या. "परत या इमारतीत पाऊल टाकायचं नाही!"

सर चार हातांवर उभे होते. त्यांनी बुटाच्या नाडीकडे बघितलं.

परतीच्या वाटेवर मेव्हणा म्हणाला, "पाण्याचा दाब माझ्याकडूनच जास्त राहिला असणार, दाजी. तुमचा हिशोब चुकायचा नाही."

"असेल," सर म्हणाले.

त्या एका शब्दानं त्यांचं जेवण गेलं. वर्गात उभं राहिलं की कान तापायचे. कुणी हात वर केला तरी वाटायचं, पोरगं विचारणार, सर, दीड कुठे गेला? घरी बायको म्हणाली, "भाऊ फार खचलाय हो. शाळेच्या टाकीचं काम आलेलं, नको म्हणाला. स्वतःच्या हातावर विश्वास राहिला नाही म्हणतो." सरांनी ताटावरून उठून हात धुतले. शनिवारी शाळा सुटल्यावर ते थेट मेव्हण्याच्या दुकानात गेले.

मेव्हणा जमिनीवर बसून तीच तोटी पुन्हा पुन्हा उघडून बघत होता.

"तिच्यात काही नाही," सर म्हणाले. "चूक माझी. तू चौथऱ्याचं सांगितलं होतंस, मी धरलाच नाही."

"तुम्हाला कधी कळलं?"

सरांना वाटलं, काल म्हणावं. "तिथंच. पाणी पडत होतं तेव्हा."

मेव्हण्यानं तोटी खाली ठेवली. "हिशोब कुणाचाही चुकतो, दाजी. पण रस्त्यात मी स्वतःला दोष देत होतो आणि तुम्ही 'असेल' म्हणालात."

सर तसेच वाचनालयात गेले आणि कार्यवाह बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा काढला. "हे तेव्हाच का नाही बोललात? मी पन्नास माणसांसमोर त्याला घालूनपाडून बोलले." पुढच्या सोमवारी त्यांनी मेव्हण्याला बोलावून माफी मागितली, तीही वाचकांसमोर. त्यानं वेग सेकंदाला सहा मीटरवर आणला, छत दुरुस्त केलं आणि कारंजं सुरू झालं. सर ते बघायला गेले नाहीत.

दोन महिने मेव्हणा घरी येऊन बहिणीशीच बोलायचा. सरांशी हवापाण्याचं, तेवढंच. मग एका रविवारी त्यानं नवी वही टेबलावर ठेवली.

"उत्तर नको, दाजी. रीत शिकवा. मला स्वतःला तपासता आलं पाहिजे."

सर शिकवायला बसले. प्रत्येक पायरीला तो विचारायचा, "नक्की?" आणि मोजपट्टीनं आकृतीवर खूण करायचा. सरांचे कान तापत होते. तरी प्रत्येक वेळी ते थांबले, आकडा परत तपासला, आणि मगच 'हो' म्हणाले.